गार्टर सापाचा आहार: आवडीने खातो, पण त्याला मानवते का?

मेपलपान | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार. आम्ही ओहायोत राहतो आणि गेल्या ऑगस्टपासून आमच्या घरी एक लहान गार्टर साप (इकडच्या रानात दिसणारा, बिनविषारी) आहे. तो अंगणात पकडलेला नाही. पाळीव सापांची पैदास करणाऱ्या एका माणसाकडून, राज्याचे नियम आधी पाहून आणि पावती घेऊन तो आणला आहे. त्या माणसाकडे निवडक पैदाशीचे पांढरे आणि लालभडक साप होते, परंतु माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला रानात दिसतो तसाच साप हवा होता. काळपट पाठ आणि तिच्यावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या तीन पिवळसर रेघा, म्हणून त्याचे नाव रेघू ठेवले.

आणला तेव्हा तो गांडुळे खात असे. नोव्हेंबरात आमच्या भागातले मासेमारीच्या आमिषाचे दुकान थंडीसाठी बंद झाले आणि पाळीव प्राण्यांच्या एका दुकानातल्या विक्रेत्याने केशरी रंगाचे छोटे जिवंत मासे सुचवले, ज्यांना तिथे रोझी रेड म्हणतात. हे मासे स्वस्त असतात, डझनाने मिळतात आणि वाडग्यात सोडले की रेघू त्यांच्यावर तुटून पडतो. चार महिने आम्ही त्याला दर चार-पाच दिवसांनी हेच देत आलो, मध्ये दोनदा छोटे गोल्डफिशही दिले. तो इतक्या आवडीने खात होता, की सगळे योग्य चालले आहे याबद्दल माझ्या मनात शंका आली नाही.

परवापासून मात्र त्याचे काहीतरी बिनसले आहे. डोके उचलले की मान मागे वळते आणि तो छताकडे पाहत राहतो. सरळ जाण्याऐवजी तो अंगाला पीळ देत फिरतो. आज संध्याकाळी हातात घेतला तेव्हा त्याचे सगळे अंग काही क्षण ताठ झाले आणि मग शेपटीच्या टोकापर्यंत थरथर गेली. जीभ बाहेर येते, पण एका बाजूला लोंबते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन ३८ ग्रॅम भरले, म्हणजे वजन घटलेले नाही. मुलगा पेटीशेजारून उठायला तयार नाही. हे कशामुळे होत असेल, कोणी सांगू शकेल का?

पाणवठा | ३ मार्च, रात्री १०:०५

मेपलपान, मी पेनसिल्व्हेनियात सोळा वर्षे गार्टर साप सांभाळत आलो आहे आणि तुमचे लिखाण वाचून मला पहिली शंका त्या माशांचीच येते. रोझी रेड हा फॅटहेड मिनो या माशाचाच फिकट रंगाचा प्रकार आहे. त्याच्यात आणि गोल्डफिशमध्ये थायामिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, जे ब१ जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायामिनचे, तुकडे करून टाकते. साप पोट भरून खातो, वजन वाढते, अंग तुकतुकीत दिसते आणि आतल्या आत ब१ चा साठा संपत जातो. मज्जापेशींना साखरेपासून ऊर्जा मिळवण्यासाठी हे जीवनसत्त्व लागतेच, त्यामुळे तुटवड्याची पहिली खूण मेंदूत आणि मज्जासंस्थेत दिसते, आणि ती बरोबर तुम्ही वर्णन केलेली असते.

आज रात्रीपासून ते मासे पूर्ण बंद करा. उद्या सकाळी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. उशीर करू नका, कारण वेळेत उपचार मिळाले तर यातून साप सावरतात.

डॉ_कासव | ३ मार्च, रात्री १०:३१

मी पशुवैद्य आहे, शिक्षण महाराष्ट्रात झाले आणि गेली काही वर्षे इकडे कुत्र्या-मांजरांखेरीज इतर पाळीव प्राण्यांवर उपचार करते. धाग्यावरून निदान होत नाही आणि मी ते करणारही नाही, परंतु पाणवठा यांची शंका रास्त आहे. घरात फवारलेले कीटकनाशक, पेटीत झालेली जास्त उष्णता, डोक्याला लागलेला मार किंवा एखादा संसर्ग यांतूनही अशीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून तपासणी आवश्यकच आहे. जाताना रेघूने काय, किती आणि कधीपासून खाल्ले, हे कागदावर लिहून न्या. अमेरिकेत सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची संघटना आहे आणि तिच्या संकेतस्थळावर गावानुसार डॉक्टरांची यादी मिळते.

तोपर्यंत पाण्याचा खोल वाडगा काढून अगदी उथळ बशी ठेवा, कारण झटका आलेला साप बोटभर पाण्यातही बुडू शकतो. चढायच्या फांद्या आणि दगड बाहेर काढा, पेटी ऊबदार आणि शांत ठेवा आणि त्याला सारखे हातात घेऊ नका. खायला देऊ नका, जबरदस्तीने तर मुळीच नको. ब१ ची घरातली गोळी चुरून पाजण्याचा मोहही टाळा, कारण गिळताना झटका आला तर द्रव श्वासनळीत जाईल.

मेपलपान | ३ मार्च, रात्री ११:१५

मनापासून आभार. वाडगा बदलला आणि फांदी काढली. सकाळी ८ ची वेळ मिळाली आहे, गाडीने पन्नास मिनिटांवर. मला हे विचारायचे आहे, की रानात हे साप मासे खातातच ना? मग तिथे त्यांना असे का होत नाही?

पाणवठा | ४ मार्च, पहाटे ५:५०

प्रश्न अगदी नेमका आहे. रानातला गार्टर एका दिवशी गांडूळ खातो, पावसानंतर बेडकाचे पिल्लू, कधी गोगलगाय, कधी उंदराचे पिल्लू, कधी डबक्यात अडकलेला मासा. त्यात एखादा थायामिनेज असलेला मासा आला, तर बाकीच्या खाण्यातून ब१ भरून निघते. आपण पेटीत एकच पदार्थ महिनोन्‌महिने देतो, तिथे ही भरपाई होत नाही. साप रानटी रंगाचा असला तरी पेटीत त्याला रानातली निवड नसते, ती आपण करतो.

ही गोष्ट फक्त सापांची नाही. १९३० च्या दशकात मिनेसोटातल्या एका कोल्हापालन केंद्रावर कोल्ह्यांच्या खाण्यात कच्चे कार्प मासे मिसळले जात होते आणि ते कोल्हे अडखळत चालू लागले, ताठ होऊन मरू लागले. त्या मालकाच्या आडनावावरून या आजाराला चॅस्टेक पॅरालिसिस हे नाव पडले. या आजाराचा माग काढतानाच कच्च्या माशात ब१ नष्ट करणारे काहीतरी आहे, हे लक्षात आले. आजही प्राणिसंग्रहालयांत मासे खाणाऱ्या सील आणि पेंग्विनना ब१ च्या गोळ्या माशाच्या कल्ल्यात खोचून देतात.

मासे गोठवून दिले तर चालेल का, असे बरेच जण विचारतात. गोठवल्याने हे विकर नष्ट होत नाही, उलट साठवणीत त्याचे काम हळूहळू चालूच राहते. शिजवल्याने ते नष्ट होते, पण उष्णतेने ब१ ही घटते, त्यामुळे त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

डॉ_कासव | ४ मार्च, सकाळी ७:१०

मराठी घरांसाठी एक भर घालते, कारण मला हा प्रश्न दवाखान्यातही आला आहे. आपल्या डीप फ्रीझरमध्ये रोहू किंवा कटला असतो आणि त्याचा तुकडा द्यावा असे सहज मनात येते. हे दोन्ही मासे कार्पच्याच कुळातले आहेत आणि त्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायामिनेज आढळते, म्हणून ते देऊ नयेत. मीठ-हळद लावून ठेवलेला कोणताही तुकडा सापासाठी नाही. ट्राउट, सॅमन आणि तिलापिया चालतात, आणि जिवंत माशांत गप्पी चालतात. मात्र नुसत्या मांसाच्या तुकड्यात हाडे नसतात, त्यामुळे त्यातून कॅल्शियम जवळजवळ मिळतच नाही. तो अधूनमधून देण्याचा पदार्थ आहे, रोजचा नव्हे.

मेपलपान | ५ मार्च, दुपारी १२:२०

काल डॉक्टरांनी रेघूला तपासले, खाण्याची यादी वाचली आणि ब१ च्या तुटवड्याचीच शक्यता सर्वांत जास्त असल्याचे सांगितले. थायामिनचे एक इंजेक्शन काल दिले, आणखी काही ठरावीक दिवसांनी द्यायची आहेत. काही सापांची मान थोडी वाकडी राहते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आज सकाळी झटका आला नाही. तो कागदी रुमालाखाली गुंडाळी करून बसला आहे आणि मी रुमालाचे टोक उचलले तेव्हा त्याची जीभ सरळ बाहेर आली. एवढ्या छोट्या गोष्टीने माझे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी दहा दिवसांनी गांडुळांपासून सुरुवात करायला सांगितले आहे. यापुढे मला नीट शिकायचे आहे. तुम्ही सगळे काय देता, किती देता, आणि कसे, हे सविस्तर लिहाल का?

पाणवठा | ५ मार्च, रात्री ८:४५

गांडुळांपासूनच सुरू करू, कारण तिथेही एक खड्डा आहे. आमिषाच्या दुकानात दोन प्रकारची गांडुळे मिळतात. जाड, करड्या-तपकिरी रंगाच्या मोठ्या गांडुळाला नाईटक्रॉलर म्हणतात आणि ते गार्टरसाठी चांगले. दुसरे बारीक, लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेले रेड विगलर, जे आपण कचऱ्याच्या खतासाठी वापरतो. ते दाबले की पिवळसर, घाण वासाचा द्रव सोडते आणि त्या द्रवातला एक घटक कणा असलेल्या प्राण्यांच्या पेशींना घातक असतो. ते खाल्लेले साप उलटी करतात आणि पिल्ले दगावल्याचेही पाळणाऱ्यांनी पाहिले आहे. म्हणून डब्यावरचे नाव वाचावे आणि नाव नसेल तर घेऊ नये. हिरवा रंग चढवलेली गांडुळेही मिळतात, तीही टाळावीत. अंगणातली गांडुळे तेव्हाच द्यावीत, जेव्हा तुमच्या आणि शेजाऱ्याच्या हिरवळीवर कोणतेही औषध मारलेले नाही, याची खात्री असेल.

गांडुळात कॅल्शियम कमी असते, त्यामुळे जन्मभर केवळ गांडुळांवर ठेवणेही मला बरोबर वाटत नाही. माझ्या अनुभवात गार्टरसाठी सर्वांत पूर्ण खाणे म्हणजे गोठवलेले उंदराचे पिल्लू, ज्याला सगळे पिंकी म्हणतात. त्यात हाडे, यकृत, जीवनसत्त्वे सगळे एकत्र येते. अडचण अशी, की गार्टर वासावर खातो आणि त्याला उंदराचा वास खाण्याचा वाटत नाही. म्हणून वास उसना द्यावा लागतो.

मी असे करतो. आदल्या रात्री पिंकी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवतो, दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे धरतो आणि पुसून कोरडी करतो. मायक्रोवेव्ह कधीही वापरत नाही, कारण बाहेरून गार असलेली पिंकी आतून शिजलेली निघते आणि फुटते. मग एक नाईटक्रॉलर घेऊन त्याचा चिकट द्रव पिंकीला नाकापासून शेपटीपर्यंत चोळतो. पहिल्या काही वेळांना पिंकीचे बारीक तुकडे आणि गांडुळाचे तुकडे एका पसरट बशीत कालवून देतो. साप गांडूळ समजून सगळेच उचलतो. पुढच्या खेपेला गांडूळ कमी, पिंकी जास्त. माझ्या एका मादीला यासाठी तीन आठवडे लागले, तर एका नराला चार महिने. इथे घाई करून उपयोग नाही.

प्रमाण सांगायचे तर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा घास असावा, त्याहून फार मोठा नको. कॉर्न स्नेक पाळणारे आठवड्यातून एकदा खाऊ घालतात म्हणून गार्टरलाही तसेच, हा हिशेब लहानपणी लागू पडत नाही, कारण गार्टर सडपातळ, दिवसभर हिंडणारा आणि भराभर पचवणारा साप आहे. अगदी लहान पिल्लांना दोन-तीन दिवसांनी, रेघूसारख्या तरुण सापाला चार-पाच दिवसांनी, आणि पूर्ण वाढलेल्याला पिंकी किंवा मोठे उंदीर देत असाल तर आठवड्याने एकदा द्यावे. प्रौढ साप उंदरांवर लवकर लठ्ठ होतो. शेपटीच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना फुगवटा दिसू लागला, की समजावे.

बेडूक मात्र देऊ नका. रानातून पकडलेल्या बेडकांत आणि माशांत जंत असतात, ते सापात उतरतात आणि पुढे अनेक महिने त्रास देतात.

अंगणवेल | ६ मार्च, सकाळी ९:३०

मी अटलांटात राहते आणि माझी लेक तीन वर्षांची आहे. थोरल्याला असाच साप हवा आहे. लहान बाळ घरात असताना हे सुरक्षित आहे का?

डॉ_कासव | ६ मार्च, सकाळी १०:१५

माझे उत्तर असे, की सध्या थांबा. निरोगी सरपटणाऱ्या प्राण्यांच्याही आतड्यात साल्मोनेला असू शकतो आणि तो प्राण्याला आजारी न पाडता विष्ठेतून बाहेर पडत राहतो. पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील माणसे आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशा व्यक्ती घरात असतील तर साप, कासव, सरडे ठेवू नयेत, असाच सल्ला अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्र देते. मूल सापाला हात लावत नसले, तरी पेटी धुतलेले पाणी, चिमटा, थोरल्याचे न धुतलेले हात यांतून जंतू पोहोचतात.

ज्यांच्या घरी साप आहे त्यांनी पेटी आणि वाडगा स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुऊ नये, पिंकी वेगळ्या बंद डब्यात ठेवाव्यात आणि साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. मेपलपान, ज्या काट्यावर रेघूचे वजन केले तो काटा कृपया आता त्याच्यासाठीच ठेवा.

आणखी एक बाब. तुमच्या जॉर्जिया राज्यात स्थानिक बिनविषारी साप पाळण्यास कायद्याने मनाई आहे, आणि गार्टर तिथला स्थानिक आहे. हवाईत तर कोणताच साप पाळता येत नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे, त्यामुळे मुलाला शब्द देण्यापूर्वी राज्याच्या वन्यजीव विभागाचे पान वाचावे.

अंगणवेल | ६ मार्च, सकाळी १०:४०

धन्यवाद डॉक्टर. कायद्याची ही बाजू मला ठाऊकच नव्हती. थोरल्याला आज संध्याकाळी समजावून सांगते.

कृष्णाकाठ | ७ मार्च, रात्री ९:०० (भारतीय वेळ)

मी सांगली जिल्ह्यात सर्पमित्र म्हणून काम करतो. मेपलपान ताईंनी केलेले वर्णन वाचून मला लगेच आपली नानेटी आठवली. पावसाळ्यात बांधावर, गवतात दिसणारा, अंगावर दोन पिवळट पट्टे असलेला गरीब स्वभावाचा साप. गार्टर आणि नानेटी हे खरोखरच एकाच उपकुळातले, दिवडाचेही भाऊबंद. दोघेही दिवसा हिंडतात आणि दोघांनाही ओलसर गवत आवडते. फरक असा, की नानेटी अंडी घालते आणि गार्टर पिल्लांना जन्म देतो.

हा धागा वाचून इकडच्या कोणाला नानेटी बरणीत ठेवावीशी वाटू नये, म्हणून सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचे साप पकडून पाळणे हा गुन्हा आहे, साप बिनविषारी असला तरीही. दर पावसाळ्यात मला एक-दोन घरांतून अशा बरण्या सोडवून आणाव्या लागतात. झाकणाला भोके पाडलेली असतात, आत वाटीत दूध असते आणि साप सुकून गेलेला असतो. साप दूध पचवू शकत नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर असेल तो द्रव पितो आणि लोकांना वाटते, त्याला दूध आवडते. ताईंच्या माशांची गोष्ट मला त्याच जातीची वाटते.

मेपलपान | ८ मार्च, सकाळी ७:५५

कृष्णाकाठ दादा, तुमचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या आईनेही काल दूरध्वनीवर विचारले, की आजारी आहे तर वाटीभर दूध का ठेवत नाहीस. तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवते. रेघू आज पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेला. मान अजून किंचित डावीकडे झुकते.

आता पेटीबद्दल विचारते. डॉक्टर म्हणाल्या की बेडिंग, म्हणजे पेटीच्या तळाशी अंथरलेला थर, फार ओले आहे. गार्टर पाण्याजवळ राहतो म्हणून मी रोज पाणी शिंपडत होते.

पाणवठा | ८ मार्च, संध्याकाळी ६:२०

ही चूक मीही पहिल्या वर्षी केली होती. गार्टर पाण्याजवळ राहतो, पण ऊन खायला कोरड्या दगडावर येतो. सतत ओल्या बेडिंगवर राहिला की पोटाच्या खवल्यांवर पाण्याने भरलेले फोड येतात आणि ते चिघळतात. बेडिंग कोरडे ठेवा, अ‍ॅस्पेनचा भुसा किंवा नुसता कागद चालतो. सीडरचा भुसा मात्र नको, त्याच्या वासातले तेल सापाला बाधते. ओलाव्यासाठी एक छोटी झाकणाची डबी घ्या, बाजूला अंगठ्याएवढे भोक पाडा आणि आत ओले शेवाळ भरा. कात टाकायची वेळ आली की तो आपणहून तिथे जाऊन बसेल.

ऊब एकाच बाजूला द्या. दिव्याखाली २९ ते ३१ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २१ ते २४, आणि दोन्हीकडे लपायला जागा, म्हणजे ऊब आणि लपण यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. रात्री तापमान थोडे उतरले तरी चालते. खाण्याचा याच्याशी थेट संबंध आहे, कारण पोटात घास असताना ऊब मिळाली नाही, तर तो पचण्याआधी कुजतो आणि साप उलटी करतो. तापवणारे कोणतेही साधन थर्मोस्टॅटशिवाय लावू नये.

झाकणाची क्लिप रोज रात्री पाहावी. ज्या फटीतून पेन्सिल जाते, तिथून रेघूच्या वयाचा गार्टर जातो.

विनिपेगकर | १० मार्च, रात्री ८:३०

आम्ही मॅनिटोबात राहतो आणि दर वसंतात नार्सिसच्या सापविवरांना जातो. विनिपेगच्या उत्तरेला चुनखडीच्या खडकात खोल भेगा आहेत आणि त्यांत हजारो लाल बाजूंचे गार्टर एकत्र हिवाळा काढतात. एप्रिलच्या शेवटापासून ते बाहेर येऊ लागतात, आधी नर, मग माद्या, आणि खडकावर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. कान लावून उभे राहिले तर कोरड्या पानांवर पाऊस पडावा तशी त्यांच्या अंगांची सळसळ ऐकू येते. जवळच्या महामार्गाखालून त्यांच्यासाठी बोगदे केले आहेत.

मी हे लिहिण्याचे कारण असे, की तिथले नर विणीच्या त्या आठवड्यांत खाण्याकडे पाहतही नाहीत. घरातले नरही पुष्कळदा थंडीत किंवा वसंतात खाणे सोडतात. वजन टिकून असेल आणि वागणे नेहमीसारखे असेल तर घाबरून त्यांच्या आवडीचा चुकीचा पदार्थ देऊ नये. वाट पाहावी आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे. घरातल्या सापाला हिवाळी झोप देण्याची गरज नसते, आणि आजारातून उठलेल्या सापाला तर देऊच नये.

मेपलपान | १६ मार्च, रात्री ९:१०

आज रेघूने चौदा दिवसांनी पहिल्यांदा खाल्ले. नाईटक्रॉलरचे तीन तुकडे, पसरट बशीत. पहिल्या दोन वेळा त्याचा नेम चुकला आणि तोंड बशीच्या कडेवर आपटले. तिसऱ्या वेळी त्याने तुकडा मधोमध धरला, डोके हलवत टोकापर्यंत सरकला आणि गिळला. मुलाने वहीत वेळ लिहिली. वजन ३५ ग्रॅम आहे.

मुलाचा पुढचा प्रश्न असा, की रेघूला सोबत म्हणून दुसरा साप आणावा का?

पाणवठा | १७ मार्च, सकाळी ६:४०

गार्टर हा सोबत चालवून घेणाऱ्या थोड्या सापांपैकी एक आहे. ऑन्टारिओतल्या विल्फ्रिड लॉरियर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे साप एकत्र बसताना ठरावीक जोडीदार निवडतात, असे दिसले होते. तरीही रेघू पूर्ण बरा होईपर्यंत नको. नवीन साप आणलाच तर किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यासह ठेवावा, कारण माइट नावाचे रक्त शोषणारे बारीक काळे जीव आणि जंत याच वाटेने घरात येतात.

आणि खाऊ घालताना दोघे कधीही एकत्र नकोत. एकाच गांडुळाची दोन टोके दोघांनी धरली, की मध्ये भेटल्यावर कोणीच सोडत नाही आणि मोठा साप लहान सापाला गिळत सुटतो. माझ्याकडे हे एकदा घडले आहे. मी खोलीत होतो म्हणून वेळेत सोडवता आले.

मेपलपान | २ मे, संध्याकाळी ७:३०

बरेच दिवसांनी लिहिते आहे. मार्चअखेरपासून गांडूळ आणि पिंकीचा काला सुरू केला. पहिल्या चार खेपांना रेघू गांडूळ तेवढे वेचून घेई आणि पिंकीचे तुकडे बशीत तसेच राहत. पाणवठा दादांचे चार महिने आठवून धीर धरला. पाचव्या खेपेला पिंकीचे तुकडे ट्राउटच्या ओल्या कातडीवर घोळवून दिले, तेव्हा त्याने सगळे खाल्ले. गेल्या बुधवारी अख्खी पिंकी, तीही फक्त गांडुळाचा हात लावलेली, त्याने एका दमात घेतली.

मागच्या आठवड्यात त्याचे डोळे दुधाळ निळे झाले होते. आम्ही त्याला हात लावला नाही, फक्त शेवाळाची डबी ओली ठेवली. आज शाळेतून आल्यावर मुलाला डबीच्या तोंडाशी कात मिळाली, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध. खिडकीशी धरून पाहिली तर डोळ्यांवरचे दोन्ही गोल पापुद्रे तिच्यातच होते आणि तिन्ही रेघांची फिकट जागा ओळखू येत होती. कात साबणाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, त्याने वहीत चिकटवली आहे.

वजन ४४ ग्रॅम. मान उजेडाकडे पाहताना अजून जराशी डावीकडे जाते. डॉक्टर म्हणाल्या, तेवढी राहील.

डॉ_कासव | २ मे, रात्री ८:०५

तेवढी राहिली तरी त्याला खाण्यात, हिंडण्यात अडचण येणार नाही. नेम चुकतो का, एवढे पाहत राहा आणि चुकत असेल तर चिमट्याने त्याच्या उजव्या बाजूने घास धरून पाहा. पुढची पिंकी पाच दिवसांनी.